नोकरी गेल्यापासून प्रार्थनाच होत नाही, देवाचा राग येतो. माझा विश्वास संपला का?

नाही, संपलेला नाही. देवाकडे गाऱ्हाणं मांडणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे. बायबलमधल्या १५० स्तोत्रांत कितीतरी सरळसरळ तक्रारी आहेत. १३वं स्तोत्र ‘कुठवर, परमेश्वरा?’ असं सुरू होतं आणि तेच पुन्हा पुन्हा विचारतं. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आली ती २२व्या स्तोत्राचीच पहिली ओळ: ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ठाण्यातल्या आमच्या प्रार्थना गटात ज्याला शब्द सुचत नाहीत त्याच्या हातात आम्ही १३वंच देतो. सहाच वचनं आहेत, मोठ्याने वाचा, आवाज फुटला तरी वाचा. रविवारी तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चमध्ये शेवटच्या बाकावर नुसते बसलात तरी पुरे. त्या दिवशी बाकीचे तुमच्या वाटचंही म्हणतात. मात्र झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर त्याचा विश्वास कमी पडण्याशी काही संबंध नाही. तेव्हा नुसत्या प्रार्थनेवर थांबू नका, आजच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.