ताण, कॉर्टिसॉल आणि मेंदू: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: कामाचा डोंगर असला तरी मला काही वाटत नाही, पण चार लोकांसमोर बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. असं का?

कारण तिथे लोक आपल्याला जोखत असतात आणि ते काय ठरवतील हे आपल्या हातात नसतं. शरीराला ही जोडी फार झोंबते. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी 1993 मध्ये मांडलेली चाचणी यावरच उभी आहे. निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे पाच मिनिटं बोलायचं, मग 1022 मधून 13 वजा करत जायचं. चुकलात की पुन्हा 1022 पासून! वाचूनच पोटात गोळा येतो. आणि बहुतेकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक (हार्मोन), खरोखरच चढतं.

प्रश्न: भांडण दहा मिनिटांत मिटतं, बेचैनी मात्र तासभर जात नाही. माझं मन कमकुवत आहे का?

नाही हो. शरीरात दोन यंत्रणा वेगवेगळ्या गतीने चालतात. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथींना नसांमार्फत निरोप जातो आणि काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलिन सुटतं. छातीतली धडधड ती. दुसरा निरोप रक्तातून जातो. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच नावाचं संप्रेरक सोडतो, त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते आणि त्यावरून अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. हे सगळं शिगेला पोचायला वीस-तीस मिनिटं लागतात. तोवर भांडण मिटलेलंही असतं.

पाणी तापलं की गीझर बंद होतो, तशी इथेही सोय आहे. कॉर्टिसॉल स्वतःच मेंदूत परतून हायपोथॅलॅमस आणि पीयूषिकेला आवरतं. ही बाजू लोकांना कमी माहीत असते. कॉर्टिसॉल म्हणजे शत्रू असंच जो तो सांगतो. ते आलंच नाही तर रक्तदाब आणि साखरही सांभाळता येणार नाही. बिघडतं ते येण्याने नाही, वेळेवर न ओसरण्याने. आणि ओसरू न देण्यात आपलाही हात असतो: ‘तो असं बोललाच कसा’ हे मनात घोळवत राहिलं की तीच साखळी पुन्हा हलते. विश्वासातलं माणूस जवळ असेल तर कॉर्टिसॉल कमी चढतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा फोन करा, पण तेच भांडण पुन्हा उगाळायला नको.

प्रश्न: ताण किती आहे हे कळण्यासाठी कॉर्टिसॉलची रक्ततपासणी करून घेऊ का?

त्यासाठी नको. कॉर्टिसॉल सकाळी उठल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासात सर्वाधिक असतं, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वात कमी. सुई टोचण्याच्या धास्तीनेही ते वाढू शकतं. एका आकड्यावरून मनाचा ताण मोजता येत नाही. ही तपासणी कुशिंग किंवा अ‍ॅडिसनसारख्या आजारांच्या, म्हणजे कॉर्टिसॉल फार जास्त किंवा फार कमी होण्याच्या, शंकेसाठी असते. एक महत्त्वाचं: कॉर्टिसॉलसारखंच काम करणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर मनाने एकदम थांबवू नका. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल तोवर मंदावलेलं असतं, जिवावर बेतू शकतं.

प्रश्न: परीक्षेच्या दिवसांत मुलीची पाळी लांबते. संबंध असेल का?

असू शकतो. ताणाची साखळी सुरू करणारं सीआरएच, पाळीचं चक्र चालवणाऱ्या मेंदूतल्या संप्रेरकाला दाबतं. एखादा महिना मागेपुढे झाला तर घाबरू नका. सलग तीन महिने आली नाही तर मात्र ताणावर ढकलू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. थायरॉइड, वजन अशी इतर कारणंही तपासावी लागतात.