जपानचा उन्हाळा, लहान गावं आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की जुलै-ऑगस्टचे सात आठवडे मी एकटीच जपानमध्ये फिरले, टूर नाही, गाईड नाही, बहुतेक प्रवास लोकल ट्रेनने नाहीतर पायी, आणि टोकियोत फक्त चार रात्री, बाकी सगळे दिवस लहान गावांत. त्यावर इतके प्रश्न आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून जे पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत.

ताई, जुलै-ऑगस्टमध्ये जपान म्हणजे नुसता उकाडा असं सगळे सांगतात. साकुरा नाही, लाल पानं नाहीत. मला सुट्टी तेव्हाच मिळते. जावं का? (एक वाचक, नाशिक)

जावं. पण उकाड्याबद्दल लोक खोटं बोलत नाहीत हेही ऐकून घ्या. क्योतो डोंगरांच्या वाटीत बसलेलं शहर आहे, तिथे ऑगस्टमध्ये पारा ३५च्या वर सहज जातो आणि वर दमटपणा मुंबईसारखा, त्यामुळे दुपारी बारा ते चार देवळं बघत फिरायचा हट्ट करू नका, चक्कर येते, मी एका बाईंना मंदिराच्या पायरीवर बसवून पाणी पाजलंय. तिथले लोक दिवसभर मुगिचा म्हणजे भाजलेल्या बार्लीचा गार चहा पितात, तुम्हीही तेच करा, पेयांचं मशीन जवळपास प्रत्येक कोपऱ्यावर असतं.

दुसरं म्हणजे पाऊस. त्यांचा पावसाळा, त्सुयु, जूनमध्ये सुरू होतो आणि टोकियो-क्योतो भागात साधारण २० जुलैच्या आसपास संपतो, उत्तरेच्या होक्काइदो बेटावर तो जवळजवळ नसतोच. म्हणून तारखा हातात असतील तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात उतरा आणि उंचावर राहा. डोंगरावरचं कोयासान ८०० मीटरवर आहे, कामिकोची १५०० मीटरवर, तिथे रात्री पांघरूण लागतं. ऑगस्टपासून वादळांचे दिवस, वादळ येणार असेल तर रेल्वे आदल्या दिवशीच गाड्या बंद ठेवायचं जाहीर करते, तेव्हा एक-दोन दिवस मोकळे ठेवूनच प्लॅन करा.

आणि १३ ते १६ ऑगस्ट हे दिवस कॅलेंडरवर लाल पेनने खुणा करून ठेवा. तो ओबोन. पितर घरी येतात, म्हणून माणसंही गावी जातात, गणपतीला आपले चाकरमानी कोकणात निघतात ना अगदी तशी गर्दी, टोकियो-ओसाका मार्गावरच्या नोझोमी या वेगवान गाड्यांमध्ये तर त्या दिवसांत विनारिझर्व्हेशन डबाच नसतो. त्या चार दिवसांत प्रवास करू नका, एका गावात जाऊन बसा. मी गिफु प्रांतात गुजो हाचिमानला बसले होते आणि माझ्या अख्ख्या प्रवासात परत काय जगायला मिळावं असं विचाराल तर त्या रात्री. गाव छोटं, गल्लीच्या कडेने पाण्याचे पाट वाहतात, आणि उन्हाळ्यात तीसेक रात्री तिथे गुजो ओदोरी हा नाच असतो, पण ओबोनच्या चार रात्री तो पहाटेपर्यंत चालतो. मधे लाकडी मांडव, त्यावर गाणारे-वाजवणारे, आणि सभोवती सगळं गाव फेर धरून. पाहुण्यांनी नुसतं बघत उभं राहायचं नाही, फेरात शिरायचं. माझ्या पुढे एक सत्तरीच्या आजी होत्या, मी त्यांच्या पायांकडे बघत बघत नाचले, चुकलं की त्या मागे वळून हात कसा न्यायचा ते दाखवायच्या, आणि लाकडी गेतांचा म्हणजे त्यांच्या खडावांचा रस्त्यावर एकदम पडणारा खट्ट आवाज अजून कानात आहे. एकच, तिथली राहायची जागा काही महिने आधी बुक करा.

जेआर पास घ्यायचा की नाही? प्रत्येक जण वेगळं सांगतो. (एक वाचक, ठाणे)

लहान गावांत रमायचं असेल तर नाही. जेआर म्हणजे जपान रेल्वे, तिचा सात दिवसांचा साधा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाला. टोकियो-क्योतो शिंकानसेनचं (बुलेट ट्रेनचं) एका बाजूचं भाडं साधारण १४,००० येन आहे, म्हणजे जाऊन येऊनही पैसे वसूल होत नाहीत, मग तो वसूल करायला माणूस रोज शिंकानसेनमध्ये बसतो आणि खिडकीतून जपान नुसतं पळताना दिसतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण एवढे पैसे घालून लोक जातात आणि सात दिवसांत सहा शहरं करून येतात.

लोकलने फिरायचं असेल तर सेइशुन जुहाचि किप्पु नावाचं तिकीट आहे. नावात ‘तारुण्य १८’ आहे पण वयाची अट नाही, माझ्या डब्यात साठी-सत्तरीचे काका ते घेऊन वेळापत्रकाचं जाडजूड पुस्तक मांडीवर ठेवून बसलेले असायचे. उन्हाळ्यात ते साधारण २० जुलै ते १० सप्टेंबर चालतं, सलग तीन दिवसांचं १०,००० येन आणि सलग पाच दिवसांचं १२,०५०, जेआरच्या साध्या गाड्यांमध्ये हवं तितकं बसा, शिंकानसेन आणि एक्स्प्रेसला मात्र चालत नाही. पूर्वी दिवस सोडून सोडून वापरता यायचं, दोघाचौघांत वाटून घेता यायचं, ते २०२४च्या हिवाळ्यापासून बंद झालं, त्यामुळे जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका.

खेड्यातल्या गाड्यांची एक पद्धत माहीत हवी. एकच डबा असतो, ड्रायव्हर एकटाच, कंडक्टर नाही. बहुतेक ठिकाणी मागच्या दाराने चढायचं, मशीनमधून नंबराचा कागद घ्यायचा, उतरताना पुढच्या बोर्डावर आपल्या नंबराखाली जे भाडं दिसतं तेवढे सुटे पैसे ड्रायव्हरशेजारच्या पेटीत टाकायचे. बसलाही तेच. सुइका, इकोका ही आधी पैसे भरून वापरायची प्रवासाची कार्डं अशा बऱ्याच लाइनींवर चालत नाहीत. आणि वेळापत्रक बघितल्याशिवाय गावात उतरू नका. फुकुशिमातली तादामी लाइन २०११च्या पुराने वाहून गेली, पूल तुटले, आणि अकरा वर्षांनी १ ऑक्टोबर २०२२ला तो तुकडा परत सुरू झाला, पण त्या तुकड्यावर दिवसाला जायला तीन आणि यायला तीन एवढ्याच गाड्या. एक चुकली की संध्याकाळच. मी चुकवली होती. स्टेशनवर चार तास बसले, समोर भात, मागे डोंगर, आणि पाच वाजता गावाच्या भोंग्यावर मुलांना घरी बोलावणारी धून वाजली. तरी सांगते, मुक्काम ठरलेला नसेल तर चुकवू नका.

आम्ही मायलेकी, दोघीही पक्क्या शाकाहारी, आईला अंडंही चालत नाही. उपाशी राहू का? (एक वाचक, सांगली)

उपाशी राहणार नाही, पण ‘मी शाकाहारी’ एवढं सांगून भागणार नाही. अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. दाशी म्हणजे बहुधा सुकवलेल्या माशाच्या किसाचं पाणी, ते मिसो सूपमध्ये असतं, सोबा नूडल्सच्या रश्शात असतं, उकडलेल्या भाजीतही असतं, आणि त्यांच्या डोक्यात तो मासा नसतोच, ती फक्त चव असते. म्हणून जपानीत लिहिलेली चिठ्ठीच ठेवा, मांस नको, मासा नको, दाशी नको, अंडं नको, आणि खायच्या आधी ती दाखवा. तोंडी सांगायचं तर ‘निकु, साकाना, दाशी नाशी दे’.

रोजचं सांगते. दुकानात पाकिटातला शिजवलेला भात मिळतो, तिथेच गरम करून देतात, त्यावर घरचं मेतकूट, संपला विषय. गार तोफू मागवाल तर वरचा माशाचा कीस नको म्हणून आधी सांगा. वाफवलेल्या एदामामेच्या म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, काकडी, टोमॅटो भरपूर. खेड्यात रस्त्याच्या कडेला माणूस नसलेली भाजीची टपरी असते, डब्यात शंभर येन टाकायचे आणि पिशवी उचलायची. ओकायामाकडे जाल तर पांढरे पीच जुलै-ऑगस्टमध्येच येतात, महाग आहेत, तरी एक घ्याच.

पण आईंना घेऊन जाताय तर कोयासानला दोन रात्री नक्की राहा. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वे, शेवटी केबल कार, आणि वर देवळांचं गाव, बौद्ध भिक्षू कुकाई म्हणजेच कोबो दाइशी यांना ८१६ साली मिळालेली ही जागा. तिथे मठातच राहायची सोय असते, त्याला शुकुबो म्हणतात, आणि जेवण शोजिन र्‍योरी, मांस-मासा नाही, कांदा-लसूण नाही, दाशी माशाची नाही, कोंबु या समुद्री शेवाळाची आणि मशरूमची. तिळाचा तोफू, सुकवून भिजवलेला कोया तोफू, भाज्यांचा तेंपुरा म्हणजे भजी, सगळं छोट्या छोट्या वाट्यांत. बुकिंग करतानाच अंड्याचं लिहून टाका. मला तिथे पहिल्यांदा काही न विचारता जेवता आलं आणि किती हलकं वाटलं ते मांसाहारी माणसाला कळायचं नाही.

जेवण झालं की ओकुनोइनला जा. दोन किलोमीटरची वाट, उंच सुगी झाडं, आणि दोन लाखांहून जास्त समाध्या. तिथल्या पाच थरांच्या दगडांवर अक्षरं कोरलेली असतात ती नीट बघा, जपानी नाहीत, सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरं आहेत, खालून वर अ, व, र, ह, ख. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. ख म्हणजे आकाश, आपल्या खगातला ख. मी दगडावरून बोट फिरवत तिथे बराच वेळ उभी होते. आणि आणखी एक, कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, सप्टेंबर २०१५ मध्ये त्याचं अनावरण झालं. इतक्या लांब, धुक्यातल्या डोंगरावर बाबासाहेब, ते बघायलाच हवं.

मी २६ वर्षांची, एकटी जाणार, जपानी येत नाही. घरचे घाबरलेत. खेड्यात एकटीने राहता येतं का? (एक वाचक, पणजी)

येतं. मला रात्री नऊला रिकाम्या गल्लीतून चालताना भीती वाटली नाही, हे घरच्यांना सांगा. पण खेड्यात भीतीपेक्षा वेळ सांभाळावी लागते. मिनशुकु म्हणजे घरगुती मुक्काम, तिथे जेवण सहाला असतं, तुमच्या एकटीसाठी ते रांधतात, म्हणून पाचच्या आत पोचा, उशीर होणार असेल तर फोन करा, फोनवर बोलता येत नसेल तर स्टेशनवरच्या माहिती केंद्रातल्या बाईंना करायला सांगा, त्या करतात. काही ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत कारण दर दोघांचे असतात, मला दोनदा नकार मिळाला, ते मनाला लावून घेऊ नका.

न्हाणीघर सगळ्यांचं मिळून एक असतं. हौदाबाहेर स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, मगच गरम पाण्याच्या हौदात उतरायचं, केस वर बांधायचे, पंचा पाण्यात बुडवायचा नाही, आणि पाणी सोडून द्यायचं नाही, तुमच्यानंतर दुसरं कोणी येणार असतं. ओन्सेनमध्ये म्हणजे गरम झऱ्याच्या स्नानगृहातही कपडे काढूनच जावं लागतं, बायकांचं वेगळं असतं, पहिल्या दिवशी लाज वाटते, दुसऱ्या दिवसापासून त्या पाण्याची ओढ लागते.

पहिल्यांदा एकटी जातेस (तू म्हटलं तर चालेल ना) तर किसो खोऱ्यापासून सुरुवात कर. एदो (आजचं टोकियो) ते क्योतो असा जुना नाकासेन्दो रस्ता, त्यावर ६९ मुक्काम, त्यातल्या मागोमे ते त्सुमागो या दोन गावांमधली आठेक किलोमीटरची वाट आजही चालता येते, दोन-तीन तास लागतात, मागोमेकडून निघालीस तर चढ कमी. वाटेत अस्वलांसाठी घंटा टांगल्यात, प्रत्येक घंटा वाजवत जायचं, आणि खरंच वाजवायची. त्सुमागोच्या लोकांनी १९७१ मध्ये ठरवलं की घरं विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, पाडायची नाहीत, म्हणून ते गाव आहे तसं उभं आहे. दिवसाचे पर्यटक पाचला निघून जातात, म्हणून तिथे रात्र काढ. कंदिलाच्या उजेडात ती गल्ली तुझी एकटीची असते.

मी ६४ वर्षांचा, अठरा वर्षं वारी केली. जपानमध्येही अशी पायी यात्रा आहे असं तुम्ही लिहिलंत. मला झेपेल का? (एक वाचक, पंढरपूर)

काका, तुमचं पत्र वाचून खूप आनंद झाला. ती शिकोकु बेटावरची ८८ देवळांची यात्रा, सुमारे १२०० किलोमीटर, चालत चाळीस-पन्नास दिवस. अंगात पांढरे कपडे, हातात काठी, आणि काठीवर लिहिलेलं असतं ‘दोग्यो निनिन’, म्हणजे वाटेवर दोघे, एक तुम्ही आणि दुसरे कोबो दाइशी. तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही. वाटेत लोक यात्रेकरूला चहा, संत्री, कधी पैसेही देतात, त्याला ओसेत्ताइ म्हणतात, ते नाकारायचं नसतं, वारकऱ्याला भाकरी देणारा जसा देतो तसंच ते देतात.

ऑगस्टमध्ये अख्खी यात्रा नका करू, उन्हात डांबरी रस्त्यावर ती धोक्याची आहे, तिथले लोकही वसंतात आणि शरदात चालतात. उन्हाळ्यातच जमणार असेल तर पहिली पाच देवळं एका दिवसात करा, साधारण ११ किलोमीटर, पहाटे निघा. पहिलं र्‍योझेनजी, नावाचा अर्थ गृध्रकूट, आपल्या राजगीरचा डोंगर. देवळात लोक हृदयसूत्र म्हणतात, शेवटी ‘ग्यातेइ ग्यातेइ हारा ग्यातेइ’ ऐकू येईल, ते आपलं ‘गते गते पारगते’ आहे, मी पहिल्यांदा ओळखलं तेव्हा डोळे भरून आले.

शिकोकुला जाताना ओकायामाला एक दिवस थांबा. पुण्यात सिंहगड रोडवरची पु. ल. देशपांडे बाग पाहिली असेल, ती तिथल्या कोराकुएन बागेवरून केलीय, मूळ बाग १७०० साली पूर्ण झाली. ओकायामाहून सेतो पुलावरून ट्रेन समुद्र ओलांडते, खिडकीपाशी बसा.

बॅगेत काय न्यायचं? (बरेच जण)

पाठीवर सात-आठ किलोची एकच सॅक. मोठी बॅग असेल तर ताक्क्युबिन या कुरिअरने पुढच्या गावच्या मुक्कामाला पाठवा, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते. सुट्या पैशांचा बटवा, घडीची छत्री, भोकं नसलेले मोजे कारण दिवसातून दहादा बूट काढावे लागतात, आणि एक पातळ सुती पंचा, कारण बऱ्याच स्वच्छतागृहांत हात पुसायला काही नसतं. पंचा नसेल तर तिथे तेनुगुइ घ्या, मानेवर ओला करून टाकला की दुपारचा रस्ता चालवतो.