सेन्सर बदलल्यावर बॅटरीची तार काढली की ईसीयू रिसेट होतो का?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. ऑक्सिजन सेन्सर (इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलल्यावर बॅटरीची तार काही वेळ काढून ठेवली तर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, रिसेट होतो का, हा पहिला. आणि तसे करूनही इंजिनचा दिवा पुन्हा का लागला, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर गाडीच्या वयावर अवलंबून आहे. जुन्या गाड्यांत कोड, म्हणजे बिघाडाची नोंद, आणि ईसीयूने शिकलेली मूल्ये बॅटरीच्या विजेवर टिकून राहणाऱ्या मेमरीत असत, त्यामुळे तार काढली की ती जात. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत ती वीज गेली तरी न पुसली जाणाऱ्या मेमरीत लिहिलेली असतात. अशा गाडीची तार काढल्यास घड्याळ बिघडते, एका दाबात काच वर जाण्याची सोय पुन्हा शिकवावी लागते, काही गाड्यांत म्युझिक सिस्टीम कोड मागते आणि ज्यासाठी हा खटाटोप केला तो कोड जागेवरच राहतो. म्हणून कोड पुसायचा तर स्कॅनरनेच, म्हणजे ईसीयूला जोडायच्या तपासणी यंत्रानेच, पुसावा.

दुसऱ्या भागावर मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण याच गोष्टीसाठी मी एका वर्कशॉपच्या काउंटरवर बराच काळ भांडलो आहे.

माझ्या पेट्रोल गाडीत पी ०१७१ हा कोड आला होता. मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, असा त्याचा अर्थ. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने स्कॅनर लावला, कोड वाचला, त्याच क्षणी तो पुसून टाकला आणि ऑक्सिजन सेन्सर खराब असल्याचे सांगून नवा सेन्सर बसवला. मी तेव्हाच विचारले होते की, मिश्रणात हवा जास्त आहे असे सेन्सर सांगत असेल तर तो खोटे बोलतो आहे हे कशावरून ठरवले? ‘हा कोड सेन्सरचाच असतो’ एवढेच उत्तर मिळाले. पुढे नाशिकला निघालो असताना चंदनापुरीच्या घाटाअलीकडे दिवा पुन्हा लागला. नाशिकला मेहुण्यांनी बॅटरीची तार काढून ठेवली, गाडी जुनी असल्यामुळे दिवा गेला, आणि ‘एवढ्यासाठी वर्कशॉपला पैसे कशाला मोजायचे’ हे त्यांचे मत तेव्हापासून पक्के झाले. पुण्याला परतल्यावर दिवा परत आला. वर्कशॉपचे म्हणणे आता असे पडले की तार काढल्यामुळे रिसेट नीट झाला नाही, आणि कदाचित ईसीयूच बदलावा लागेल.

या दोन्ही बाजूंशी माझा वाद आजही तोच आहे: कोड पुसणे ही दुरुस्ती नव्हे, आणि त्यासोबतची नोंद न वाचता तो पुसणे म्हणजे पंचनामा होण्याआधी घटनास्थळ धुऊन काढणे आहे. कोड नोंदवला जातो त्या क्षणाची सगळी परिस्थिती ईसीयू जपून ठेवतो. तिला फ्रीज फ्रेम म्हणतात. इंजिनचे फेरे किती होते, पाणी किती तापले होते, गाडी चालू होती की उभी, इंजिनवर भार किती होता आणि फ्यूल ट्रिम, म्हणजे पेट्रोलच्या मात्रेत ईसीयू करत असलेली टक्केवारीतली दुरुस्ती, किती होता, हे सारे त्यात असते. कोड पुसला की ही नोंदही त्याच्याबरोबर जाते आणि ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या, म्हणजे रेडीनेस मॉनिटर, शून्यापासून सुरू होतात. निदानाला लागणारा सगळा पुरावा वर्कशॉपने पहिल्या मिनिटातच नष्ट केला होता.

शेवटी एका स्वतंत्र मेकॅनिककडे गेलो. त्यांनी दिवा लागलेला असतानाच, काहीही न पुसता, फ्रीज फ्रेम वाचली. गाडी उभी, इंजिन गरम, आयडलिंग (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालणे) चालू आणि लाँग टर्म फ्यूल ट्रिम वीस टक्क्यांच्या वर. मग त्यांनी इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर धरले, तेव्हा ट्रिम झपाट्याने खाली आला. यावरून त्यांनी जे ताडले ते प्रत्येक वाहनधारकाने समजून घेण्यासारखे आहे. आयडलिंगला इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम सर्वांत जास्त असतो, त्यामुळे कुठे चीर असेल तर एअर फ्लो सेन्सरने न मोजलेली हवा तेव्हाच सर्वाधिक आत ओढली जाते. फेरे वाढले की एकूण हवेत त्या गळतीचा वाटा नगण्य होतो. उलट फ्यूल पंप दमला असेल किंवा फिल्टर तुंबला असेल तर ट्रिम भार वाढेल तसा वाढत जातो. मॅनिफोल्डच्या मागे, हाताला जेमतेम लागणाऱ्या जागी, पीसीव्हीची, म्हणजे इंजिनच्या पोटातले वायू परत इनटेकमध्ये नेणारी, रबरी नळी चिरलेली सापडली. काढून टाकलेला सेन्सर पहिल्यापासून खरे सांगत होता, आणि त्याच्या जागी बसवलेला महागडा नवा सेन्सरही तेच सांगत होता.

नळी बदलल्यावर मात्र त्यांनी रिसेट केला, आणि तो का केला हे महत्त्वाचे आहे. वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण राखण्यासाठी ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करत असतो, आणि दीर्घकाळ करावी लागलेली दुरुस्ती लाँग टर्म ट्रिममध्ये साठवून ठेवतो. गळती बंद झाली तरी ते जादा पेट्रोल काही काळ पडतच राहते. आयडलिंग जड होते, धुराला पेट्रोलचा वास येतो. ते आपोआपही कमी होते, पण ट्रिम पुसले तर ईसीयू कोऱ्या पाटीवर शिकू लागतो. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ केल्यावर आयडल लर्न, म्हणजे ईसीयूला आयडलिंग पुन्हा शिकवणे, करायचे कारणही हेच: कार्बन साचलेला असताना शिकलेला झडपेचा कोन साफ झडपेला लागू पडत नाही आणि फेरे चढे राहतात. दिवा घालवण्यासाठी मात्र रिसेट सक्तीचा नाही. दोष खरोखर गेला असेल तर सलग तीन ड्राइव्ह सायकल (गाडी सुरू करून, चालवून बंद करण्याचे फेरे) निर्दोष गेल्यावर दिवा स्वतःहून विझतो आणि पुढे सुमारे चाळीस वॉर्म-अप सायकलनंतर (थंड इंजिन पूर्ण तापण्याच्या फेऱ्यांनंतर) कोडही मेमरीतून जातो.

म्हणून तुम्ही पुन्हा वर्कशॉपमध्ये जाल तेव्हा कोड पुसण्याआधीच फ्रीज फ्रेमची प्रिंट किंवा निदान फोटो मागून घ्या, काढलेला जुना सेन्सर ताब्यात घ्या, आणि कोणता आकडा पाहून तो खराब ठरवला हे जॉब कार्डवर लिहून मागा. ‘ग्राहकाला यातले काय कळते’ असे ऐकवले गेले तरी मागा; गाडीतला डेटा तुमचा आहे आणि त्या निदानाचे पैसेही तुम्हीच भरता आहात.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. तुमचा कोड पी ०१३५ सारखा, सेन्सरच्या हीटर सर्किटचा असेल तर माझी हकीगत तुम्हाला लागू नाही. फ्यूज आणि वायरिंग ठीक असेल तर सेन्सर बदलणे आणि कोड पुसणे हाच योग्य मार्ग आहे. तुमच्या गाडीत एअर फ्लो सेन्सरऐवजी मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असेल, आणि आपल्याकडच्या अनेक लहान गाड्यांत तो असतो, तर व्हॅक्यूमच्या गळतीने मिश्रण लीन होण्याऐवजी बहुधा आयडलिंगच चढते, त्यामुळे ट्रिमचे वर दिलेले गणित जसेच्या तसे लावू नका. आणि गाडी कॉमन रेल डिझेल असेल तर इंजेक्टर बदलल्यावर बहुतेक गाड्यांत त्यावर छापलेला कोड ईसीयूत भरावा लागतो, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) बदलल्यावर काजळी व राखेची जुनी मोजणी शून्यावर आणावी लागते. ही कामे त्या गाडीला चालणाऱ्या स्कॅनरनेच होतात, बॅटरीची तार रात्रभर काढून ठेवली तरी होत नाहीत.