पट्ट्याखाली बोटं घालून बघ

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. कुत्र्याला काठीने झोडपणारी, अंगावर उकळतं पाणी ओतणारी माणसं पाहून तुझं रक्त उसळतं, म्हणून तुला प्राण्यांचा छळ थांबवण्याच्या या कामात यायचंय. जरूर ये. पण एक आधीच सांगते. तुझे बहुतेक दिवस अशा माणसांच्या दारात जाणार नाहीत. ते जातील चांगल्या घरांमध्ये, जिथे कुत्र्याचं लाडाचं नाव आहे, वाढदिवसाला केक येतो आणि तरीही ते जनावर हाल सोसतंय. ते हाल ओळखायला शिकावं लागतं.

साखळीपासून सुरुवात कर. बंगल्याच्या फाटकाशी किंवा शेतावर बांधलेल्या कुत्र्याभोवतीची जमीन बघ. साखळी पोचते तिथवर गवत मेलेलं असतं आणि माती तुडवून दगडासारखी झालेली असते. त्याच वर्तुळात तो जेवतो, झोपतो, घाण करतो. खरं तर झोपायच्या जागी घाण करणं कुत्र्याला नकोसं वाटतं, पण जाणार कुठे? मालक सांगेल, ‘चावरा आहे म्हणून बांधतो.’ मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत आधी साखळी आली आणि मग चावणं. भीती वाटल्यावर ज्याला पळता येत नाही, त्याच्याकडे दातच उरतात.

मग पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून बघ. पिल्लू असताना घातलेला पट्टा कुणी सैल केला नाही, तर तो वाढत्या मानेत रुतत जातो. दाट केसांत दिसत नाही. वास सुटतो, जखमेत अळ्या पडतात, तेव्हा कळतं. त्या कुत्र्याला कुणी मारलेलं नसतं. कित्येक महिने त्याच्या मानेवरून कुणाचा हात फिरलेला नसतो, एवढंच. कानामागे गोचीड, तळव्यात वळून घुसलेली नखं, कोपरांवरचे घट्टे, पाण्याच्या भांड्यात धरलेलं शेवाळ, हे सगळं तेच सांगत असतं.

फ्लॅटमधली गोष्ट वेगळी. तिथे बाल्कनी असते. नागपूरच्या मे महिन्यात बाल्कनीत कोंडलेला हस्की, म्हणजे बर्फाळ प्रदेशातला दाट केसांचा कुत्रा, हा छळच, घरचे कितीही प्रेमळ असोत. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, तोही थोडासा. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेही धड जमत नाही. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणत त्याला उन्हातल्या बंद गाडीत ठेवणारे भेटतील. त्यांना सांग, गाडीच्या आतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास चढू शकतं.

मांजराला ताप आला की काही घरांत पॅरासिटामॉलची अर्धी गोळी देतात. मायेनेच देतात. पण मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही, आणि त्या अर्ध्या गोळीने जीव जाऊ शकतो. पिंजऱ्यातला मिठू तर 1972च्या वन्यजीव कायद्यानुसार पाळताच येत नाही. मात्र पिंजरा उघडून त्याला उडवून देऊ नकोस, वर्षानुवर्षं कोंडलेल्या पक्ष्याला बाहेर जगता येत नाही. वनखात्याकडे सोपव.

आता मालकाशी बोलायचं कसं ते. पहिल्याच वाक्यात कायदा काढू नकोस. प्राणी क्रूरता प्रतिबंधाचा 1960चा कायदा मात्र पाठ असू दे. त्याच्या कलम 11 मध्ये आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधणं, सतत बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं, उपाशी-तहानलेलं ठेवणं, वाऱ्यावर सोडून देणं, हे सगळं गुन्ह्यात येतं. पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त 50 रुपये. 1960 पासून तेवढाच, आणि याची मला मनापासून चीड आहे. 50 रुपयांना कुणी घाबरत नाही. उलट चिडलेला मालक रातोरात कुत्र्याला हायवेवर सोडून येतो, मग त्याला शोधत आपणच फिरतो.

म्हणून आधी कुत्र्याचं नाव विचार. त्याच्याजवळ खाली बस. सोबत सैल पट्टा आणि लांब दोरी ने, तिथल्या तिथे बदलून दे. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास कोण फिरवणार, हे त्या घरातल्या मुलांना विचार; मुलं पटकन तयार होतात. आठ दिवसांनी न सांगता पुन्हा जा.

आणि जिथे मारहाण दिसते, विष घातलेलं दिसतं, तिथे समजावण्यात वेळ घालवू नकोस. प्राण्याला ठार मारणं किंवा अपंग करणं याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आधी जनावराला दवाखान्यात ने, डॉक्टरांकडून जखमांचा लेखी दाखला घे, तारखेसह फोटो काढ, शेजारी कुणी बोलायला तयार असेल तर त्याला सोबत घे. पोलीस ठाण्यात तोंडी सांगून परत येऊ नकोस. तक्रार लेखी दे आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नकोस.

तुझी,
ताई