कंबरदुखी: प्रश्न तिशीच्या आतल्यांचे

वय २७, आयटीत रात्रपाळी, झोप जेमतेम पाच तास. चार महिने कंबर दुखतेय. कॉलेजात असतानाही एकदा धरली होती. पायात कळ किंवा मुंग्या नाहीत. एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’ आलाय. ऑपरेशन लागेल का? नोकरी टिकेल की नाही, याचीही धास्ती आहे.

ऑपरेशन डोक्यातून काढून टाका. अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या स्कॅनचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या, म्हणजे ‘डिस्क बल्ज’, दिसल्या होत्या. म्हणजे रिपोर्टातला तो शब्द तुमच्या दुखण्याचं कारण असेलच असं नाही. मला जास्त महत्त्वाची वाटते ती तुमच्या पत्रातली बाकीची माहिती. आधी एकदा कंबर दुखलेली असणं, अपुरी झोप आणि नोकरीची धास्ती या तिन्ही गोष्टींमुळे दुखणं रेंगाळतं. त्यात ‘वाकलो तर काहीतरी सटकेल’ या भीतीने माणूस हालचालच बंद करतो, आणि ते सगळ्यात वाईट. महागड्या खुर्चीचे पैसे वाचवा. अर्ध्या-पाऊण तासाने उठत राहा, रोज चाला आणि पाठ, पोट व मांड्यांचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

वय २४, दुचाकीवर डिलिव्हरीचं काम, दिवसाला दहा-बारा तास. पाठीवर जड बॅग. रोज पाच-सहा सिगारेटी होतात. कंबरेला पट्टा बांधू का?

नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत जुन्या कंबरदुखीसाठी पट्ट्याची शिफारस केलेली नाही. तासन्‌तास गाडीचे हादरे आणि वर पाठीवरचं ओझं, हा तुमच्या कामातला खरा धोका. बॅग मागच्या सीटवर घट्ट बांधता आली तर बांधा, शॉकअप तपासून घ्या, दोन फेऱ्यांमध्ये पाच मिनिटं चाला. सिगारेटचं मात्र कोणी सांगत नाही. मणक्यांमधल्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो, आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून जे झिरपेल त्यावर ती जगते, आणि निकोटीन नेमक्या त्याच वाहिन्या आकुंचित करतं.

सिझेरियनच्या वेळी मणक्यात इंजेक्शन दिलं, तेव्हापासून कंबर गेली. सासूबाईही तेच म्हणतात. बाळ आठ महिन्यांचं आहे.

सुई टोचल्या जागी काही दिवस दुखू शकतं. आठ महिने टिकणारं दुखणं त्या सुईचं नसतं. गरोदरपणात सैल पडलेले पोटाचे स्नायू, वाढलेलं वजन, रात्रीची जागरणं आणि दिवसातून पन्नासदा वाकून बाळ उचलणं, यांचं ते असतं. बाळाचे कपडे पलंगावर न बदलता कमरेच्या उंचीच्या टेबलावर बदला. आणि सासूबाईंना रात्रीची एक पाळी द्या!

मुलगा २३ वर्षांचा. पहाटे दुखण्याने जाग येते, उठल्यावर तासभर पाठ ताठ असते, मग फिरल्यावर मोकळी होते. त्याच्या वडिलांनाही असंच होतं.

हे वेगळं प्रकरण वाटतं. विश्रांतीने वाढणारं आणि हालचालीने कमी होणारं दुखणं चाळिशीच्या आत सुरू झालं, तर अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस हा मणक्यांचा संधिवात आहे का, हे तपासावं लागतं. हाडांच्या डॉक्टरांकडे फेऱ्या मारण्याआधी संधिवाततज्ज्ञाला दाखवा, आणि वडिलांचं दुखणं आवर्जून सांगा.