नॉर्वे-स्वीडनच्या अतिउजव्या गटांवर संशोधन करायचंय

प्रश्न : मी लातूरला राज्यशास्त्रात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्कँडिनेव्हियातल्या अतिउजव्या गटांवर संशोधन करायचं आहे. त्यांचे टेलिग्राम ग्रुप बघायला खोट्या नावाने खातं उघडलंय. बाबा म्हणतात, यात पोट भरणार नाही. काय करू?

उत्तर : आधी ते खातं बंद कर. संशोधक अशा ग्रुपमध्ये शिरतात, पण विद्यापीठाची परवानगी घेऊन आणि मार्गदर्शकाला सांगून. तू एकटा, स्वतःच्या फोनवरून शिरला आहेस. उद्या कुणी माग काढला तर तुझ्या पाठीशी कोण उभं राहणार? शिवाय तसला मजकूर रोज वाचला की झोप उडते, हे मी मनापासून सांगतोय.

विषय मात्र सोडू नकोस. 22 जुलै 2011 रोजी नॉर्वेत ऑस्लो आणि उतोया बेटावर एका माणसाने 77 जीव घेतले. त्यातले 69 बेटावरचे, मजूर पक्षाच्या युवा शिबिरातले. हल्लेखोर एकटा होता, पण त्याचे विचार एकट्याचे नव्हते. त्याच्या दीड हजार पानी लिखाणात इतरांचे लेख जसेच्या तसे उचललेले आहेत आणि भारतातल्या हिंदू राष्ट्रवादी संघटनांचाही उल्लेख आहे. हा धागा तिथवर कसा पोहोचला, हे भारतातली परिस्थिती जाणणाऱ्यानेच शोधावं. तुझा प्रबंध इथे आहे, असं मला वाटतं. दुसरा विषय म्हणजे ‘नॉर्डिक प्रतिकार चळवळ’ ही नवनाझी संघटना. फिनलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तिच्यावरची बंदी कायम केली. शेजारच्या स्वीडनमध्ये, जिथे ती जन्मली, तिथे बंदी नाही.

आजपासून स्वीडिश शिकायला लाग. ती आली की नॉर्वेजियनही बरीचशी वाचता येते. न्यायालयाचे निकाल, स्थानिक वर्तमानपत्रं सहसा इंग्रजीत मिळत नाहीत. सोबत संख्याशास्त्राचा पाया पक्का कर.

बाबांची काळजी रास्त आहे. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना स्वीडनमध्ये 2011 पासून आणि नॉर्वेत 2023 पासून फी भरावी लागते, म्हणून एम.ए. पुण्यात किंवा मुंबईत कर. तिकडे पीएच.डी. ही बहुधा पगारी नोकरी असते. ऑस्लो विद्यापीठाचं अतिरेकवाद संशोधन केंद्र, सी-रेक्स, याच विषयाला वाहिलेलं आहे. जागा मोजक्या आणि चुरस मोठी, हेही घरी सांग. संशोधन नाही जमलं तरी हे शिक्षण पत्रकारितेत, फॅक्टचेकिंगमध्ये आणि सोशल मीडिया कंपन्यांच्या सुरक्षा विभागात उपयोगी पडतं.

ऑस्लो विद्यापीठाची पीएच.डी.ची एखादी जाहिरात उघड आणि त्यातला पगाराचा आकडा बाबांना दाखव.