आरोग्य प्रश्नोत्तरे : कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट, घरचं दूध आणि रोजची गोळी

प्रश्न : वय ५२. एकूण कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २४०, एलडीएल १२६. लॅबमध्ये २१२ भोवती गोल केलाय. घरात तर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलेलंच तेल येतं. मग हे वाढलं कुठून? – एक वाचक, कराड

उत्तर : गोल चुकीच्या आकड्याभोवती पडलाय. २१२ मध्ये चांगलं (एचडीएल) आणि वाईट (एलडीएल वगैरे) सगळं एकत्र आहे. एकूणातून एचडीएल वजा करा, उरतात १७४. हे सगळं रक्तवाहिनीच्या भिंतीत साचू शकणारं. ते १३० च्या आत हवं. तुमच्या रिपोर्टमध्ये खरी गडबड ट्रायग्लिसराइडची, म्हणजे रक्तात फिरणाऱ्या चरबीची आहे (१५० च्या आत हवं) आणि एचडीएलही पुरुषांना लागणाऱ्या ४० च्या खाली आहे. ही जोडी बहुतेक वेळा सुटलेलं पोट, साखर, दारू किंवा लपलेला मधुमेह यांच्यामुळे दिसते. म्हणून एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. पेढे आणि उसाचा रस महिनाभर बंद ठेवून बघा. दारू घेत असाल तर तीही.

आणखी एक. बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, हिशेबाने काढतात : एकूण वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. तुमचं २१२ − ३८ − ४८ = १२६. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हा हिशेब कोलमडतो, तेव्हा एलडीएल थेट मोजून मागा. पुन्हा तपासणीला जाताना १० ते १२ तास उपाशी राहा. पाणी चालतं, पण ‘एवढासा चहा’ घेतला तरी उपास मोडला.

तेलाचं म्हणाल, तर कोणत्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. ते फक्त प्राणिज पदार्थांत असतं. डब्यावरचं वाक्य खरं आहे आणि निरुपयोगी आहे. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, त्यात यकृताचा वाटा मोठा. संपृक्त चरबी (तूप, साय, खोबरं यांतली, गार झाली की गोठणारी) पोटात गेली की यकृत रक्तातलं एलडीएल उचलायला आळस करतं. आपल्याकडे ही चरबी वाटणातल्या सुक्या खोबऱ्यातून बरीच जाते. खोबरं निम्मं करून कांदा वाढवा, रस्सा दाट होतोच. तेल माणशी महिना अर्धा लिटर धरा. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर कट आणि भडंगाच्या फोडणीकडे बघा.

प्रश्न : एलडीएल १७२ होतं. डॉक्टरांनी रोज रात्री ॲटोर्व्हास्टॅटिन दिली. तीन महिन्यांत ८८ वर आलं म्हणून बंद केली. बरोबर ना? – एक वाचक, मिरज

उत्तर : नाही. ८८ गोळीमुळे आलं. ही गोळी यकृताचा कोलेस्टेरॉल बनवण्याचा मार्ग अडवते, मग यकृत रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी येतो. कमी करायची की चालू ठेवायची, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. पूर्वी हार्ट अटॅक आला असेल किंवा स्टेंट असेल, तर एलडीएल ७० च्याही खाली ठेवतात. तिथे ८८ सुद्धा जास्तच.

गोळी चालू असताना दोन्ही मांड्या-दंड विनाकारण दुखू लागले तर डॉक्टरांना कळवा. लघवी चहासारखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी कधी केली नसेल तर करा. थायरॉइड मंद असलं तरी एलडीएल चढतं, आणि मग मूळ दुखणं तसंच राहतं.

प्रश्न : घरची म्हैस आहे. दूध-तूप सोडायचं का? – एक वाचक, कोरेगाव

उत्तर : सोडू नका, मोजा. साडेसहा फॅटच्या म्हशीच्या अर्ध्या लिटरात सुमारे ३२ ग्रॅम चरबी, त्यातली साधारण २० ग्रॅम संपृक्त. एलडीएल वाढलेल्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून १३ ते १५ ग्रॅमच परवडते. दूध तापवून, गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि साय काढा. असं दोनदा करा. लोणी काढलेलं पातळ ताक हवं तेवढं प्या, मीठ मात्र बेताचं. तूप दिवसाला एक छोटा चमचा.

आणि तुमच्या तालुक्याचा वाघ्या घेवडा (राजम्यासारखं कडधान्य) आठवड्यातून तीन-चारदा खा. त्यातले विरघळणारे तंतू आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतात. नवं पित्त बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. असे तंतू रोज ५ ते १० ग्रॅम गेले तर एलडीएल साधारण ५ टक्क्यांनी उतरतं, म्हणजे गोळीची बरोबरी नाही. घेवडा रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि कुकरमध्ये मऊ शिजवा. अर्धकच्चा राहिला तर उलट्या-जुलाब होतात.

प्रश्न : उपाशीपोटी कच्चा लसूण खाल्ला तर ब्लॉकेज निघतात का? – एक वाचक, वाई

उत्तर : नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तो औषधासारखा खाण्याआधी डॉक्टरांना विचारा. चटणीतला चालतो.